टोपण

सुईला परत टोपण घालायचं नाही.
नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी एवढंच सांगते,
बाकीचं भिंतीवर आहे.
भिंतीवरचं कुणी वाचत नाही.
पिवळ्या पिशवीत काय, लाल पिशवीत काय,
हायपोचं पाणी रोज ताजं करा...
तक्त्याच्या कोपऱ्यात कुणीतरी
डबेवाल्या मावशींचा नंबर लिहून ठेवलाय.

ऐरोली, तिसरा मजला.
खिडकीतून खाडी दिसते, खिडकी उघडायची नाही.
कॅबिनेट घरघरतंय, आत थुंकीच्या डब्या, ओळीनं.
नवा मुलगा, अल्केश मढवी, रबाळ्याचा,
ग्लोव्ह घातलेल्या हातानं फोन उचलतो,
"बोल गं आई," आणि फोन गालाला.
मी काही बोलत नाही. स्पिरिटचा बोळा पुढे करते.
तो हसतो. मॅडम, तुम्ही पण ना, फारच.

फारच, हो.
फ्रीझरच्या किल्लीला दोन सह्या मागते.
एकदा एक कुपी कमी भरली
तर रात्री दहापर्यंत कुणाला घरी सोडलं नाही.
मागच्या खणात सापडली, बर्फाला चिकटलेली.
माझ्या नावानं अजून बोटं मोडतात.
घरी बोंबील साफ करून झाले
की नळ कोपरानं बंद करते.
नवरा म्हणतो, हे घर आहे गं.

अकरा वर्षांपूर्वीची दुपार. एकशे चाळीस नमुने.
एका सुईला घाईत टोपण लावलं, अर्धवट.
म्हटलं, टोपण आहे ना,
आणि काळ्या पिशवीत टाकली, बिस्किटांच्या कागदांत.

संध्याकाळी शेवंता वाघेनं पिशवी उचलली
आणि पायाशी धरून चालली, मोळी धरावी तशी.
जिन्यात थांबली. पोटरी चोळली.
"काटा आसंल," म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर काटा.

अठ्ठावीस दिवस गोळ्या.
गोळ्यांनी तिला मळमळायचं, तरी खाडा नाही,
खाड्याचे पैसे कापतात.
सुईवर नाव नसतं.
रजिस्टरात लिहिलंय : स्रोत अज्ञात.
अक्षर माझं.

सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी
तिचं रक्त मीच काढलं.
ती हात पुढे करून तोंड फिरवायची.
"तुमचा हात लई हलका हाय, बाई."
तिन्ही वेळा निगेटिव्ह.
तिसऱ्यांदा मी मशीनसमोर नुसती बसून राहिले,
ओपीडीतून फोनवर फोन.

सांगायचं राहिलं.
राहिलं म्हणजे, सांगितलं नाही.

शेवंता अजून येते.
सुयांचा पांढरा डबा उचलण्याआधी
कानाशी नेऊन हलवून बघते,
किती भरलाय ते तिला आवाजावरून कळतं.
डबा हलवायचा नसतो.
तेही भिंतीवर लिहिलंय.
अल्केश माझ्याकडे बघतो, आता मी ओरडणार म्हणून.

तिला मी काही म्हणत नाही.