दर शंभरावी

दर शंभरावी तबकडी माझी.
मधल्या नव्व्याण्णव न ऐकताच पाकिटात जायच्या,
पाकिटं खोक्यात, खोकी रात्रीच्या ट्रकमध्ये.
स्क्रँटन, पेनसिल्वेनिया, सत्तावन्न सालचा सप्टेंबर.
प्रेसखाली काळा गोळा, भाकरीच्या उंड्याएवढा,
वर लेबल, खाली लेबल,
वाफ, दाब, पंचवीस सेकंद,
मग गार पाणी, आणि कडेची झालर सुरीनं उतरवायची.
आमच्या गावात संगीत असं व्हायचं.
त्याचा वास केसांना रविवारी चर्चमध्येसुद्धा.

मी काचेच्या खोलीत, हेडफोन लावून.
जॅझमधलं मला काही कळत नव्हतं, आजही फारसं नाही.
पगार होता खोट काढण्याचा:
टिकटिक, खरखर, फुगवटा,
मध्यापासून केसभर ढळलेलं भोक.

हा कान बापाचा.
आंद्रेय ह्राबोव्स्की, कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षं.
लाकडी टेकू करकरला की फावडं टाकून पळायचा.
बहुतेकदा उगाच.
दोनदा उगाच नव्हे.
घरी कुणाची खुर्ची वाजली तरी
सुपाचा चमचा तोंडापाशी थांबायचा.

तर, दुसरी बाजू, शेवटची चाल, संथ.
संपायला मिनिटभर उरलं असताना
करर्र.
वजन उतरल्यावर लाकूड बोलतं तसं.
दुसऱ्या कुणी कानाआड केलं असतं.
मी दोनशेवी मागवली. तिथंच.
तीनशेवी. तिथंच.
लाल बटण दाबलं. चार नंबरचा प्रेस थांबला
आणि माणसांनी माझ्याकडे पाहिलं,
नगावर मजुरी असलेली माणसं पाहतात तसं.

साचा तपासला, स्वच्छ.
ज्यावरून साचा निघतो ती पत्र्याची आई,
आम्ही तिला आईच म्हणायचो, तीही स्वच्छ.
फोरमन म्हणाला, मग टेपमध्येच असणार,
लाव न्यूयॉर्कला फोन.

फोनवर सॅक्सोफोनवाला स्वतः आला.
क्लेटस मेबेन. आवाज दमलेला,
मागे कुणाचं तरी मूल रडत होतं.
स्टूल आहे ते, म्हणाला. लुशियसचं.
ब्रश खाली ठेवले आणि उठला.
आम्हाला वाटलं, पाणी प्यायला.
आम्ही वाजवत राहिलो.
मग बराच वेळ नुसतं ते मूल.
टेप उरली होती हो पुन्हा घ्यायला, म्हणाला,
लुशियस नाही.

फार ऐकू येतं का?
मी म्हणाले, मला येतं.
मग राहू दे.

कागदावर रकाना होता, दोषाचं कारण.
मी लिहिलं, दोष नाही.
त्या दिवशी अकराशे तबकड्यांतून
अकराशे वेळा तो उठला.

नोव्हेंबरात ती बाजारात आली.
मुखपृष्ठावर निळा जरा जास्तच सांडलेला,
मागे पेटिग्रूच्या स्पेलिंगातला एक टी छापखान्यानं खाल्लेला.
शिकागोच्या कुठल्याशा मासिकानं लिहिलं,
अखेरीला ड्रम गप्प ठेवण्याचं केवढं हे धाडस,
केवढा संयम.
फोरमननं कात्रण पंच-घड्याळाशेजारी डकवलं.
मी रोज त्याच्यासमोर कार्ड टोचायची
आणि घरी जायची.

परवा नातवानं नवी आवृत्ती आणली,
चकचकीत, संगणकानं धुतलेली.
आजी, बघ, एक ओरखडा ऐकू येणार नाही.
आम्ही दोघं ऐकत बसलो.
तो मिनिट आला, गेला.
ड्रम नुसते थांबतात आता.
कुणी उठत नाही.

छान आहे, म्हणाले. पोराचा हिरमोड कशाला.
बापासमोर लावली असती,
तर त्यानं मान वर न करता
सूप संपवलं असतं.