पांघरूण

तीस वर्षं मी पाइपांना पांघरूण घातलं.
डुलुथच्या कागद गिरणीत, इस्पितळाच्या तळघरात,
शाळांच्या बॉयलरखोल्यांत, जिथं वाकल्याशिवाय
कुणालाच आत जाता येत नाही, मुख्याध्यापकालाही.
सरळ पाइप कुणीही झाकेल.
माणूस कळतो तो कोपरावर:
काटकोनी वळणाला लोकरीच्या पाकळ्या कापून
एकीवर एक अशा बसवायच्या
की वाफेला वाटावं, वळण आलंच नाही.

ऑरिन बुशेनं शिकवलं मला ते.
'काम झालं की तळवा ठेव,' म्हणायचा,
'दहापर्यंत मोज. हात काढावासा वाटला
तर उकल सगळं. पुन्हा बांध.'
बाकी फारसं बोलायचा नाही.

आता गुडघे गेले, म्हणून अध्यक्ष झालो.
लोक अनुभव म्हणतात. गुडघेच.
सरोवरकाठच्या पाच जिल्ह्यांतले एकशे बारा कंत्राटदार,
एक लाकडी हातोडी, जिनं आजवर एक खिळा मारलेला नाही,
आणि दुसऱ्या मजल्यावरची खोली, जिथं
अंग खाजत नाही.
सुरुवातीला त्यानंच झोप यायची नाही.
काचलोकर अंगावर घेऊन घरी आलं की
आधी गार पाणी, मग कोमट, हा आमचा क्रम.
अजून हात आधी गार नळाकडेच जातो.

इतिवृत्त मंजूर करतो. वर्गणी थकवणाऱ्यांशी गोड बोलतो.
आमदारांना जाऊन सांगतो, साहेब, उघडा पाइप म्हणजे
चोवीस तास पेटलेली नोट.
ते मान डोलावतात, घड्याळ बघतात.
आमचं काम चांगलं झालं की दिसतच नाही,
आणि न दिसणाऱ्या गोष्टीसाठी
कुणी हात वर करत नाही.

फेब्रुवारीत डेल्फीन बुशेचा फोन आला.
ऑरिनच्या फुप्फुसांचं ठाऊकच आहे तुम्हाला, म्हणाली.
ठाऊक होतं. शेवटच्या भेटीत तो
वाक्य अर्ध्यावर ठेवून श्वासाची वाट बघायचा,
जशी आम्ही मालाच्या लिफ्टची बघायचो.
तिला फक्त इमारतींची नावं हवी होती:
एकोणऐंशीच्या हिवाळ्यात कुठल्या तळघरात
जुनं पांढरं आवरण कुदळीनं फोडलं,
कुणाच्या सांगण्यावरून,
आणि धूळ कुणी झाडली.

झाडू माझ्या हातात होता, डेल्फीन.
हे फोनवर बोललो नाही. बघतो, एवढंच म्हणालो.

आमचे वकील लिंडग्रेन. सभ्य माणूस. चहात साखर विचारून घालतात.
'वर्नर, त्यातल्या तीन कंपन्या आपल्या सभासद आहेत.
एक तर पहिल्या रांगेत बसते.
आठवत नाही म्हणा. या वयात
कोण दोष देणार?'

वही गॅरेजमध्ये होती, बर्फाच्या फावड्यामागे.
माझंच अक्षर, पेन्सिलीचं, तेव्हा किती सरळ यायचं.
तारीख, पत्ता, फूट, इंच, माणसं दोन.
माणसं दोन.
माणसं दोन.
मिटलेल्या वहीवर तळवा ठेवला
आणि मोजायला लागलो.
चारपर्यंतच गेलो.

दुसऱ्या दिवशी संघटनेच्याच यंत्रावर
अकरा पानं काढली. ऊन ऊन निघत होती एकेक.
पाकिटावर तिचा पत्ता घातला, मागे माझा.
घरचा, कचेरीचा नाही.
मग पुन्हा उघडून आत एक ओळ लिहिली, झाडूची.

वार्षिक सभेत खजिनदार एल्विरा टोइव्होनेननं
हिशेब वाचता वाचता चष्मा वर केला:
'झेरॉक्स, अकरा पानं, एक डॉलर दहा सेंट,
अध्यक्षांनी स्वतः भरले. हे कशाचं?'
पहिली रांग माझ्याकडे बघत होती.
हातोडी टेबलावरच राहू दिली.
उभा राहिलो. गुडघे वाजले,
मागच्या पोरांपर्यंत ऐकू गेलं असणार.
'इतिवृत्तात घ्या,' म्हणालो,
'सांगतो.'