एकवीस दिवस

डंडी, नोव्हेंबर चौऱ्याऐंशी. पावणेचारलाच दिवे लागलेत.
टे नदीवरचा वारा खिडकीच्या फटीत शीळ घालतोय.
मी कात्री घेऊन बसले आहे.

त्या काळी गुणसूत्रं कातरावी लागत.
फोटो धुवायचा, वाळवायचा,
मग एकेक पट्टेरी अळी कागदातून सोडवून
जोडीदाराशेजारी डकवायची. बोटांना डिंक.
शिंक आली तर शेवटच्या जोडीतलं एखादं
उडून टाइपरायटरखाली जायचं
आणि आपण गुडघ्यांवर, कुणाचं तरी बाईपण
नाहीतर बुवापण हुडकत.

नमुना चारशे सतरा. बाळ अकरा दिवसांचं.
काही पेशींत एक्स, एकटाच.
काहींत त्याच्या पायाशी बारकासा वाय.
तीस पेशी मोजल्या. अठरा आणि बारा.
पुन्हा मोजल्या. तेवढ्याच.

फोन. इन्व्हरनेसचे डॉक्टर फार्कर.
"जरा मिस्टर म्हैसाळकरांना द्या."
मीच, म्हटलं.
पलीकडे शांतता. एस. डी. या दोन अक्षरांवरून
त्यांनी दोन वर्षं मला मिशा दिल्या होत्या.

"बरं. एकवीस दिवसांत नोंद करावी लागते.
मुलगा की मुलगी?"
अठरा आणि बारा, मी म्हटलं.
"हे उत्तर नव्हे."
मोजणी आहे, म्हटलं. उत्तर माझ्याकडे नाही.

उद्या बारावा दिवस. आमच्याकडे असतं तर बारसं.
लेकरू, पिल्लू, कोकरू, वासरू:
लहानग्यांना आम्ही ते म्हणतो. ते रडलं. ते निजलं.
शाळेत जायला लागलं की भाषा कात्री काढते.
फार्करना हे कसं सांगणार?
त्यांच्या भाषेत उतरवलं की बाळाची वस्तू होते.

लिंगाचा रकाना मोकळा ठेवला.
साहेबांनी अहवाल परत पाठवला.
मी तो तसाच पुन्हा पाठवला. त्यावर चहाचा डाग पडला होता,
तेवढाच काय तो फरक.
एकविसाव्या दिवशी कुणीतरी काहीतरी लिहिलं असणार.
आम्हाला कळवायची पद्धत नव्हती.

आता ते चाळिशीचं.
मान देऊन ते आले म्हणावं
तर व्याकरण पुन्हा मिशा चिकटवतं.
त्या आल्या म्हटलं तर पुन्हा तीच कात्री.
म्हणून बसथांब्यावर कुणी अनोळखी, त्या वयाचं दिसलं
की मी मनात अजून म्हणते, ते आलं.
आणि जरा ओशाळते,
कुणा मोठ्या माणसाचा
गालगुच्चा घेतल्यासारखी.