कुठलं कडू

पौषातली रात्र. उद्यमनगरात लेथ गार पडलेत.
तवनाप्पा मगदूम पान्यानं बूच काढतात,
ओपनर कधीच जागेवर नसतो.
फुस्स, पण हळूच,
जुन्या ट्यूबमधली उरलीसुरली हवा जावी तसं.

ते स्वतः पीत नाहीत.
दोन वर्षांमागं डॉक्टरांनी अर्धं पोट काढून
बजावलंय, थेंबसुद्धा नाही.
तरी दर कार्तिकात आंबवतात:
मोड आणून भाजलेले सातू,
पार्सलनं आलेली हॉप्सची फुलं,
वडणग्याच्या गुऱ्हाळावरची काकवी.
पद्माकाकूंनी हे पिंप उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही,
म्हणून ते इथं, ड्रिल मशीनच्या मागं,
गोणपाट पांघरून.

आणि जीभ माझी. शेजारच्या गाळ्यातली.

रंग आधी. बल्बसमोर धरला तरी उजेड पलीकडं जात नाही,
फक्त कडेला तांबूस रेघ.
फेस काहिलीवरच्या मळीसारखा,
बसायला वेळ घेणारा.

"काय लागतंय?"
वही उघडी. पेन्सिल कानावरनं खाली.

"गोड."

"गोड काय? गुळाचं, काकवीचं, का पाकाचं?"
एकतीस वर्षं पॅनवर काढली या माणसानं,
काचेच्या पट्टीवर साखरेचा दाणा पारखत.
त्याला 'गोड' सांगणं म्हणजे
गवंड्याला 'भिंत' सांगणं.

दुसरा घोट.
काहील उतरायच्या आधी कडेला जो थर करपतो,
तो. लहानपणी आम्ही चिपाडानं खरवडून खायचो.
ते लिहितात: कड, करपलेली.
मग थांबून, "चिपाड पण लागतंय का?"
लागतं. खरंच लागतं.
विचारेपर्यंत नव्हतं.

मग मनुका, देठासकट.
निपाणीची तंबाखू, न पेटवलेली, पानात गुंडाळलेली.
भिजलेलं घोंगडं.
("हे चांगलं का वाईट?" "माहीत नाही." "तसंच लिवतो.")

"आणि कडू आहे."

"कुठलं कडू?"

मेथीचं नाही. कारल्याचं नाही.
पाडव्याच्या कडुनिंबाचं तर नाहीच,
ते तोंडात शिरल्या शिरल्या भांडतं.
हे मागनं येतं, जिभेच्या मुळाशी पाट टाकून बसतं.
रात्रपाळीच्या कँटीनमधला,
तिसऱ्यांदा उकळलेला चहा.

तवनाप्पा मान हलवतात. हा चहा त्यांच्या ओळखीचा.

आता छातीत ऊब. जाळ नाही.
राखेवर फुंकर घातल्यावर दिसतो
तेवढाच लाल, आणि तोही
उतरत उतरत पार गुडघ्यापर्यंत.
"कडक झालीय," मी म्हणतो.
"किती?"
"उठून बघितल्यावर सांगतो."

शेवटी एक चव राहिली, तिला नाव सापडेना.
गिळून झाल्यावर टाळूला चिकटलेली,
थोडी खारट, थोडी लोखंडाची.
मी चुळबुळलो. पेन्सिल थांबली.
त्यांनी ग्लास माझ्या हातातनं घेतला,
नाकाजवळ नेला. डोळे मिटले.
खूप वेळ.
त्यांचा अंगठा काचेच्या कडेवर फिरत होता,
ओला.
वाटलं, आता ओठाला लावतील.

नाही लावला. पँटला पुसला.

"पॅनमधी दाणा धरतो बघ," ते म्हणाले,
"पहाटं पावणेचारला. झाकण जरा उघडलं
की तोंडावर जी वाफ येती..."
पुढं बोलले नाहीत.
वहीत फक्त वेळ लिहिली.
शब्दाच्या रकान्यात: ३.४५.

मग एकदम, "पुढल्या साली काकवी कमी घालू?"
"नको."
"बरं."

बाटलीत चार बोटं उरली होती, ती मीच संपवली.
शटर ओढताना त्यांनी किल्ली काढून घेतली.
"मोपेड राहू दे हितंच. चालत जा.
आणि थंडी वाजली तर
कुठली वाजली, ते उद्या येऊन सांग."