दहा शब्द

काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगानं
अक्षरं काढायची, हे माझं काम.
शब्द ऑर्फा लिंडक्विस्टचे.

नेब्रास्कातल्या एका स्टेशनात ती आधी तारा पाठवायची.
दहा शब्दांपर्यंत एक दर, अकराव्यापासून जादा.
मयताच्या, बाळंतपणाच्या, गव्हाच्या भावाच्या तारा
खिडकीतल्या माणसाला न दुखवता
ती दहात बसवून द्यायची.
हॉलिवूडला आली ती एवढ्या भांडवलावर,
आणि एक छत्री घेऊन,
जिचा इथे काही उपयोग नव्हता.

चित्रं तेव्हा मुकी.
नायिका दारात, ओठ हलतायत,
आणि ती काय म्हणाली
ते ऑर्फा ठरवायची, शूटिंग उरकल्यावर.
नटी खरं तर म्हणालेली असायची, "बूट चावतोय मेला."
ऑर्फा लिहायची: "जा. दिवा मी विझवणार नाही."
मूकबधिरांच्या शाळेतली पोरं
शनिवारी पुढची रांग धरून बसायची,
ओठ वाचून नको तिथे खिदळायची.
ऑर्फा मुद्दाम त्यांच्या मागे बसे.
खरे समीक्षक हेच, म्हणे.

एकदा मी विचारलं,
खाली तुझं नाव घालू का, अगदी बारीक?
"घाल की. पण मग एक शब्द कमी कर."
कुठला, ते दोघांनाही सापडेना.
चौदा वर्षं सापडला नाही.

मग भिंतींना जाड गाद्या ठोकल्या,
दारावर लाल दिवा आला,
न्यूयॉर्कहून नाटकवाले आले,
एका दमात चाळीस शब्द बोलायला लावणारे.
आमच्या खोलीत मायक्रोफोनच्या रिकाम्या पेट्या.

कचेरी समोरच, पन्नास पावलांवर.
तरी तार आली.
"ध्वनिपटांमुळे विभाग बंद. पंधरा तारखेपासून सेवा समाप्त.
चाव्या फाटकावर द्याव्यात. खेद आहे."
तिनं बोटांवर मोजले.
पेन्सिल उचलली, सवयीनं,
शेवटच्या दोन शब्दांपाशी थांबली.
"यांचे पैसे भरलेत कुणीतरी," म्हणाली,
आणि तार तशीच घडी करून पर्समध्ये ठेवली.

पंधराला मी गच्चीवर पुठ्ठे वाळत घालत होतो,
कुणी न मागितलेले.
खाली फाटकाशी ती वळली.
ओठ हललेले दिसले मला.
मी फार लांब होतो.