छपरावरची नळी

सास्काटूनमध्ये आज उणे चौतीस.
ओडार्काबाईंच्या सिंकमधलं पाणी
उतरता उतरता गुडगुडतं,
आवंढा अडकल्यासारखं,
आणि मग तो वास.

ओरेस्ट हालिचुक सिंककडे बघतही नाही.
शिडी मागतो. आणि किटलीभर कढत पाणी.

छपरावर, बर्फातून डोकावणारी वीतभर नळी.
हिच्यातून सांडपाणी कधीच जात नाही,
जाते ती फक्त हवा.
घरातली ऊब वाफ होऊन वर येते
आणि काठाशी गोठत गोठत
तिचं तोंड शिवून टाकते.
मग खाली उतरणारं पाणी हवा मागतं,
वरून मिळेना, तर
वाकड्या पाइपात राखणीला बसलेलं
ओंजळभर पाणीच ओढून नेतं.
राखण उठली, की गटार घरात.

किटली रिती होते.
बर्फाची चकती सुटते,
आपटत जाते थेट तळघरापर्यंत.

"उतरलं!" खालून ओडार्काबाई ओरडतात,
"मुकाट उतरलं! किती द्यायचे?"

"नळी बारीक आहे," तो म्हणतो.
"बर्फ वितळला की रुंद बसवू."
पैशांचं काही बोलत नाही.
शिडीच्या वरच्या पायरीवर
जरा टेकतो, मफलर सैल करतो,
दम खातो.