कुळाच्या रकान्यात

महिन्याला चारशे नव्व्याण्णव.
म्हणजे पंचवीस सातबारे काढायचे,
वीसला एक.
एक रुपया उरतो.
(उरत नाही. लोह्यात निम्मे लोक
पुढच्या बाजारी देतो म्हणतात.)

आठला शटर अर्धं ओढतो,
नांदेडहून आणलेला जुना कंट्रोलर काढतो,
त्याचं डावं बटण चिकटतं.
गेम माझ्या मशीनमध्ये नाहीच.
मुंबईला की चेन्नईला कुठल्या गार खोलीत
चालतो तो,
माझ्याकडं नुसतं त्याचं दिसणं येतं,
तेही कंधार रोडला जेसीबीनं
केबल तोडलेली नसली तर.
मी उडी म्हणतो.
घोडं जरा थांबतं, विचार केल्यासारखं,
मग मारतं उडी.
तोवर आम्ही दोघं नाल्यात.

मैनोद्दीन चाचा वरातीला घोडी देतात भाड्यानं.
चार तासांचे तीन हजार,
डीजे असला तर साडेतीन, घोडी बिचकते.
आधारसाठी आले होते,
बोटांचे ठसे उमटेनात,
लगामानं पुसून नेलेले.
बसले. पडद्याकडं बघत राहिले.

"दाणा काय घालतोस?"
"दाणा लागत नाही, चाचा."
"लीद?"
"नाही."
"नाल?"
"नाही."
"मग पाचशे कशाचे?"

हिशोब केला मी त्या रात्री, बिलाच्या मागं.
अकरा रात्री खेळलो, पंचेचाळीसला रात्र.
त्यातल्या तीन नुसतं गरगरणारं चाक बघण्यात गेल्या,
त्या वगळल्या तर बासष्ट.
गीतांजली म्हणाली, त्यापेक्षा एकदाच विकत घे.
मशीन पन्नास हजाराचं.
म्हनलं, भाड्याचंच बरं.
हे नाही सांगितलं तिला,
की गेल्या दिवाळीत त्यांनी यादीतून
एक अख्खा गेम काढून घेतला,
त्यात माझं एक गाव होतं,
वेशीपर्यंत बांधून झालेलं.

दिवसभर मी लोकांची मालकी छापतो.
गट नंबर, भोगवटादार, क्षेत्र, आकार, फेरफार.
एक माणूस तर उतारा घेऊन
दारातच उभा राहतो, आपलं नाव वाचत,
कामून की, दर महिन्याला येतो.
या घोड्याचा उतारा निघाला
तर माझं नाव कुळाच्या रकान्यात यावं,
तेही पेन्सिलीनं.

महिना संपला. भरले नाहीत.
ठरवूनच.

सहाव्या दिवशी चाचा आले, परत ठसे द्यायला.
चार बोटं उमटली, अंगठा नाही.
जाता जाता विचारलं,
"घोडं कुठं बांधलंस?"
"नदीच्या काठी. तिथंच बंद पडलं सगळं."
"सावली?"
मला आठवावं लागलं.
"सकाळी असते. दुपारी नाही."
चाचा पायरीवरून माघारी फिरले.
उभं घोडं सहा दिवसांत पायानं सुजतं, म्हणाले.
"चाचा, ते खरं नाही."
"हाव रे, मालूम है."
आणि दोनशेची नोट
पावत्यांवरच्या दगडाखाली सरकवली.

लाईट होती. नेट बरं होतं.
चाक दोनदाच फिरलं.
घोडं तिथंच उभं, मान हलवत,
जणू मी पाणी प्यायला गेलो होतो.
चाचांनी स्टूल इतकं पुढं ओढलं
की त्यांच्या चष्म्यात नदी वाहायला लागली.
पोट आत गेलंय, म्हणाले.
मला तर तेवढंच दिसत होतं.

"आधी खोगीर उतरीव."

मी एकेक बटण दाबून बघितलं,
चिकटणारंसुद्धा.
उडी होती. धाव होती. शिट्टी होती.
खोगीर उतरवायचं बटण
त्यांनी दिलेलंच नव्हतं.